चाचांचा पुलर

कवीला रेडिओवर बोलावलं की तो कवितेवरच बोलणार, अशी आपली समजूत असते. मी मात्र आज एका अवजाराबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव पुलर. आमच्या मिरजेच्या गॅरेजांत त्याला दुसरं नावच नव्हतं.

१९९० सालचा उन्हाळा. मी नुकताच बी.ए. झालो होतो आणि घरी बसलो होतो. अब्बांची १९७४ सालची अ‍ॅम्बॅसिडर भाड्यानं फिरायची, त्यावर घर चालायचं. २०१४ साली या गाडीचं उत्पादन थांबलं. तेव्हा मात्र स्टँडवर रांगेनं अ‍ॅम्बॅसिडरच उभ्या असत. आमच्या गाडीच्या इंजिनाच्या पुढच्या तोंडातून तेल गळायला लागलं. ऑइल सील गेलं होतं. सील म्हणजे एवढीशी रबरी चकती, किंमत काही रुपये. पण ती बसते टायमिंग कव्हरमध्ये, आणि तिच्यापुढे ठाण मांडून असते क्रँकची पुली. डायनामो आणि पाण्याचा पंप फिरवणारा पट्टा हिच्याच खाचेतून जातो. ती निघाल्याशिवाय सीलपर्यंत हात पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पंढरपूरचं भाडं होतं. त्याची आगाऊ रक्कम घेतलेली आणि धाकट्या बहिणीच्या फीमध्ये गेलेली.

सकाळी अब्बांनी आणि मी रेडिएटर उतरवला. लॉक वॉशरची दुमडलेली कड छिन्नीनं सरळ केली आणि पुढचा मोठा नट काढला. अ‍ॅम्बॅसिडरला हँडल मारायचं ते याच नटाच्या खाचेत. नट निघाला, पुली हलेना. सोळा वर्षं ती शाफ्टवर बसलेली. मध्ये चावी, भोवती गंज. अब्बांनी सांध्यात रॉकेल सोडलं आणि म्हणाले, "जोर नको कर. मुरू दे." मग ते जरा आडवे झाले.

मला कुठला धीर! पुलीमागे एका बाजूनं टायर काढायची पहार घातली आणि वरून हातोडी हाणली. चार-पाच घावांत पुली तसूभर सरकली नाही. तिचा काठ मात्र वाकला. पत्र्याचीच ती, वाकणारच. वाकलेल्या काठात पट्टा टिकत नाही. तो उडाला की पाण्याचा पंप थांबतो आणि इंजिन तापतं. आवाजानं अब्बा उठून आले, काठावर बोट फिरवलं आणि काहीच बोलले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

एवढा वेळ मनात असलेली गोष्ट आता सांगतो. तीन पायांचा चांगला पुलर आमच्या गल्लीच्या टोकालाच होता. अब्बांच्या धाकट्या भावाचं, चाचांचं गॅरेज होतं तिथं. पण वडिलोपार्जित घराच्या वाटणीत मधल्या भिंतीवरून दोघांचं बिनसलं होतं. चार वर्षं बोलणं नव्हतं. ईदला आम्ही मुलं चाचांकडे जायचो, अब्बा जायचे नाहीत. म्हणून सकाळपासून पुलरचं नाव कुणी काढलं नव्हतं.

मी न विचारता गेलो. चाचांनी ऐकून घेतलं, हात पुसले आणि एवढंच विचारलं, "हातोडी कुणी मारली?" मी मारली, असं सांगितलं. ते पुलर घेऊन स्वतःच निघाले. येताना भंगारात काढलेल्या दुसऱ्या अ‍ॅम्बॅसिडरची पुलीही काखेत मारली.

पुलर दिसायला साधा. मध्ये लांब आट्यांचा स्क्रू, त्याला तीन आकडेवाले पाय. पाय पुलीला मागून धरतात, स्क्रूचं टोक शाफ्टवर टेकतं. स्क्रू आवळला की शाफ्ट दाबला जातो आणि पुली ओढली जाते, तिन्ही बाजूंनी सारखीच. पहार एका बाजूनं उचलते, त्यामुळे पुली तिरकी होऊन आणखी घट्ट बसते. स्क्रूच्या एका फेऱ्याला टोक जेमतेम दीड-दोन मिलिमीटर पुढं जातं. म्हणूनच फूटभर पान्ह्यावर हातानं सहज दिलेला जोर, बराचसा घर्षणात गेला तरी, टोकाशी टनाच्या घरात पोचतो. श्रोत्यांना वाटत असेल, आता कवी यातून एखादी उपमा काढणार. काढत नाही.

चाचांनी आकडे काठाला न लावता जमेल तितके आत, मधल्या जाड भागाजवळ धरले. शाफ्टच्या तोंडावर एक जुना बोल्ट ठेवला, म्हणजे आतल्या आट्या चेपत नाहीत. स्क्रू आवळला, थांबले. पुन्हा रॉकेल, पुन्हा पाव फेरा. मग स्क्रूच्या डोक्यावर हातोडीची एक हलकी टिचकी. माझ्या घावाच्या दहाव्या हिश्शाचीही नव्हे. पुन्हा थांबले. ताणलेला पुलर तसाच ठेवून त्यांनी विडी पेटवली. मी मदतीला पुढं झालो तर म्हणाले, "ठैर. उसकू टाइम दे."

विडी अर्धी झाली असेल, तेवढ्यात 'टक्' असा आवाज झाला. पुली केसभर पुढं आली होती. पुढचे फेरे हातानं फिरवावेत इतके सोपे गेले.

अब्बा दारात उभे होते. चाचांनी वर न बघता विचारलं, "सील आणलंय ना, भाई?" अब्बा म्हणाले, "आणलंय." चार वर्षांनंतरचं बोलणं ते एवढंच. मग दोघं कव्हरवर ओणवे झाले आणि जुनं सील काढायला लागले. मी शाफ्टवरची चावी रॉकेलमध्ये धुतली. अम्मीनं कुणाला न विचारता चहा आणला, तीन कप.

रात्री साडेदहाला इंजिन सुरू झालं. तेल गळत नव्हतं. पहाटे चारला गाडी पंढरपूरला निघाली, भंगारातली पुली लावून. चाचा पुलर आमच्याकडेच विसरून गेले होते. महिनाभर तो आमच्या ओसरीत पडून होता. चाचा मागायला आले नाहीत आणि अब्बांनी तो मला परत नेऊन देऊ दिला नाही. मग एका शुक्रवारी नमाजनंतर त्यांनी तो फडक्यात गुंडाळला आणि स्वतः घेऊन गेले.