विमानाची डावी खिडकी



चाळीसगाव-धुळे गाडीत खिडकीसाठी भावंडांशी भांडला नाही, असा माणूस या सभेत क्वचितच सापडेल. विमानात बसू लागल्यावर मात्र आपण शहाणे होतो; मिळेल ती जागा घेतो आणि डोळे मिटतो. हे शहाणपण टाकून द्यावे, एवढेच सांगण्यासाठी आम्ही आज उभे आहोत.

२०१७ च्या डिसेंबरात 'उडान' योजनेखाली मुंबई-जळगाव विमान सुरू झाले. मध्ये खंड पडला, पुढे दुसरी विमाने आली. धुळेकरांच्या गोंदुरास धावपट्टी आहे, पण प्रवासी विमान नाही; तेव्हा हा प्रश्न त्यांचाही आहे.

प्रथम विमान कोणते ते पाहावे. मोठ्या जेट विमानाचा पंख खिडकीच्या खाली असतो. मधल्या रांगेत बसलात तर तासभर पत्राच पाहाल. तिथे पंखाच्या पुढे किंवा पार मागे बसावे. एटीआरसारख्या पंख्याच्या लहान विमानाचे पंख माथ्यावर असतात, म्हणून खालची जमीन मोकळी दिसते. पुढच्या बाजूस पंखा आणि इंजिन आड येते, तेव्हा मागची रांग बरी.

आता बाजू. घरी नकाशा पसरून मुंबई ते जळगाव पट्टी ठेवा. विमान अगदी त्याच रेषेने जाते असे नव्हे, पण अंदाज येतो. कळसूबाई आणि भंडारदऱ्याचा जलाशय या रेषेच्या दक्षिणेस पडतात. गिरणा धरण उत्तरेस. म्हणजे मुंबईस जाताना डावीकडे बसावे, महाराष्ट्राचे सर्वांत उंच, १६४६ मीटरांचे शिखर दिसण्याचा संभव असतो. आणि येतानाही डावीकडेच बसावे, गिरणा दिसेल. तिकिटावर 'ए' अक्षर असले की जागा डाव्या खिडकीची समजावी.

सूर्याचाही विचार हवा. सकाळी मुंबईस जाताना डावीकडून ऊन डोळ्यांवर येते. दुपार कलल्यावर तो त्रास नाही. आणि ऋतू म्हणाल तर पाऊस सरल्यावरचा. धुतलेल्या हवेत दूरवर दिसते; वैशाखात धुळीचा पडदा असतो.

असे असूनही येतानाची डावी खिडकी आम्ही वैशाखातच घ्या म्हणतो. का? शोभा पाहायची तर आश्विन बरा. पण आपला हिशेब पाहायचा तर उन्हाळा. चाळीसगाव जवळ आले की गिरणेचा जलाशय आक्रसलेला दिसतो, भोवती उघड्या पडलेल्या गाळाचा फिकट पट्टा. पुढे जामद्याच्या बंधाऱ्यावरून कालवे फुटतात. त्यांच्या कडेला, विहिरींच्या आसपास हिरवे तुकडे, आणि लगेच पलीकडे कपाशी निघून गेलेली काळी, उघडी रानेच राने. खाली उभे राहून माणसास आपला बांध आणि शेजाऱ्याचा बांध एवढेच दिसते. आवर्तनाच्या पाण्यावरून त्या बांधावर भांडणे होतात. वरून बांध दिसेनासे होतात. उरते एक धरण, एक नदी आणि तिच्याकडे तोंड करून बसलेली सगळी गावे. वरच्या गावाने उपसलेले पाणी खालच्याच्या वाट्याचे असते, हे सांगायला मग वक्ता लागत नाही.

आपल्यातील पुष्कळांना विमान परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच ज्यांना परवडते त्यांच्यावर बोजा अधिक. पुढाऱ्यांनी, अधिकाऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी खिडकीचा पडदा वर करावा, खाली पाहावे आणि उतरल्यावर गावाला सांगावे.

लहानपणी आपण खिडकीसाठी भांडलो, ते बाहेरचे जग पाहायला. मोठेपणी तीच खिडकी आपले घर पाहायला मागून घ्यावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.