वायुवाहिनी आणि शेजारधर्म

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा काहीसा संक्षिप्त मजकूर)



संयोजकांनी मला नेमून दिलेला विषय ऐकून तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. महागाई, शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांचे प्रश्न समोर असताना नैसर्गिक वायूचा बाजार, त्याचे नियमन आणि शेजारी देशांतील सहकार्य यांचा खल आपण कशासाठी करायचा? याचे उत्तर युरियाच्या गोणीत आहे. नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया तयार होतो. आपल्या रायगड जिल्ह्यातील थळचा कारखाना मुंबई हायच्या वायूच्या भरवशावरच उभा राहिला. वायू महागला की एक तर गोणी महागते, नाही तर सरकारी अनुदानाचा बोजा वाढतो आणि तो कोणत्या ना कोणत्या कराच्या रूपाने पुन्हा तुमच्याआमच्याच खांद्यावर येतो. तेव्हा हा विषय दिसतो तितका परका नाही.

मी प्रथम २०२२ सालची हकीगत सांगतो. त्या वर्षी फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि नंतरच्या काही महिन्यांत युरोपला नळाने येणारा रशियाचा वायू आटत गेला. युरोपने आपली गरज जहाजाने येणाऱ्या द्रवरूप वायूकडे वळविली. हा वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून जहाजात भरतात. त्यामुळे त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते आणि तो जगात कोठेही नेता येतो. कोठेही नेता येतो, याचा दुसरा अर्थ असा की जो अधिक पैसे मोजील त्याच्याकडे तो जातो. २०२० च्या एप्रिलमध्ये आशियाच्या तात्कालिक बाजारात ज्या वायूला दोन डॉलरदेखील मिळत नव्हते, त्याच मापाच्या वायूचा भाव २०२२ मध्ये पन्नास डॉलरच्या पलीकडे गेला. त्या जुलैत पाकिस्तानच्या सरकारी कंपनीने दहा जहाजांसाठी निविदा काढली, तेव्हा एकही निविदा आली नाही. ज्या देशाला पैशाची चणचण आहे त्याच्या दाराशी कोणी व्यापारी फिरकलाच नाही! बांगलादेशने तात्कालिक खरेदी थांबविली, वेळापत्रक लावून वीजकपात सुरू केली आणि तेथील खतकारखान्यांचा वायू तोडावा लागला.

आपण या दोघांपेक्षा धनवान, म्हणून सुरक्षित होतो असे समजू नका. 'गेल' या आपल्या सार्वजनिक कंपनीने रशियाच्या गाझप्रॉमच्या सिंगापूर येथील शाखेशी वीस वर्षांचा करार केलेला होता. युद्धानंतर गाझप्रॉमने त्या शाखेच्या जर्मनीतील मूळ कंपनीवर पाणी सोडले, जर्मन सरकारने ती ताब्यात घेतली आणि भारताकडे येणारी जहाजे येईनाशी झाली. 'गेल'ला आपल्या ग्राहकांचा पुरवठा कमी करावा लागला. त्यांत खतकारखानेही होते. करार होता, कागद होता, सही होती. वायू मात्र नव्हता. आपण वापरतो त्या वायूपैकी सुमारे निम्मा आयात होतो, आणि तो सगळाच्या सगळा जहाजाने येतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

दक्षिण आशियातील हे तीन देश एकाच टंचाईत सापडले होते, एकाच बाजारात उभे होते. परंतु तिघे एकमेकांशी बोललेही नाहीत. प्रत्येकजण आपापली झोळी घेऊन स्वतंत्र उभा राहिला. युरोपने तेव्हा काय केले? वायू साठवण्याच्या कोठारांचा किमान ऐंशी टक्के भाग १ नोव्हेंबर २०२२ पूर्वी भरलाच पाहिजे असा नियम सर्व सदस्यदेशांवर घातला. टंचाईत एका देशाने दुसऱ्याला वायू कसा द्यायचा याचे नियम केले. पुढच्या वर्षी अनेक देशांची मागणी एकत्र करून खरेदी करण्याची व्यवस्थाही सुरू केली. श्रीमंत संघटित होते आणि गरीब विखुरलेले होते. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसांना यापुढे काय घडले असेल ते मी सांगायला नको.

युरोपला हे शहाणपण जन्मतः आलेले नाही. ते ठेच लागून आले, आणि ती ठेच अभ्यासण्यासारखी आहे. जानेवारी २००९ मध्ये रशिया आणि युक्रेन यांच्यात दर व थकबाकीवरून भांडण झाले आणि ७ तारखेपासून युक्रेनमार्गे युरोपात जाणारा वायू पूर्णपणे बंद पडला. तो २० तारखेला पुन्हा सुरू झाला. ऐन हिवाळ्यातले हे दोन आठवडे बल्गेरियाला फार जड गेले, कारण त्याचा जवळजवळ सगळा वायू त्या एकाच वाटेने येत होता. शेजारच्या ग्रीसकडे द्रवरूप वायू उतरविण्याचे बंदर होते. परंतु ग्रीसचा वायू बल्गेरियाला आणणारी वाट नव्हती. ग्रीस आणि बल्गेरिया यांना जोडणारा नळ एकाच दिशेने, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहण्यासाठी बांधलेला होता. रुमानियाशी तर बल्गेरियाची जोडणी नव्हतीच. शेजाऱ्याच्या घरी रांजण भरलेला आणि आपल्या घरी घागर कोरडी!

असा नळ आधीच का बांधला गेला नव्हता? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर अवघड नाही. जो नळ संकटातच उपयोगी पडणार आणि एरवी अर्धा रिकामा राहणार, त्यात खाजगी भांडवल आपण होऊन शिरत नाही. उलट अशी जोडणी न होण्यातच एकट्या पुरवठादाराचा फायदा असतो. २००९ मध्ये ग्रीस आणि बल्गेरिया यांनी १८२ किलोमीटरच्या जोडवाहिनीचा करार केला. ती प्रत्यक्षात सुरू व्हायला १ ऑक्टोबर २०२२ उजाडले. तेरा वर्षे लागली. पण ती कशी उभी राहिली ते पाहा. निम्मी मालकी बल्गेरियाच्या सरकारी कंपनीची, युरोपीय गुंतवणूक बँकेचे कर्ज, युरोपीय संघाचे अनुदान. आणि दराचे व वापराचे नियम ठरविले ते दोन्ही देशांच्या नियामक मंडळांनी मिळून. मधल्या काळात, २०१० मध्ये, सीमेवरच्या नळांतून दोन्ही दिशांनी वायू वाहू शकला पाहिजे, असा युरोपीय संघाने कायदाच केला. २७ एप्रिल २०२२ रोजी रशियाने बल्गेरियाचा पुरवठा तोडला. या वेळी मात्र ग्रीसच्या बंदरात उतरलेला वायू बल्गेरियात पोहोचविता आला.

आता आपल्याकडे वळू. इराणचा वायू पाकिस्तानमार्गे भारतात आणण्याची कल्पना १९८९ पासूनची. वाटाघाटी वीस वर्षे चालल्या. पाकिस्तानशी वैर आणि अमेरिकेचा दबाव ही ती मोडण्याची दोन कारणे सर्वांना ठाऊक आहेत, आणि अणुकराराच्या काळात भारत त्यातून हळूहळू बाहेर पडला हेही खरे आहे. परंतु वाटाघाटींत जे प्रश्न वर्षानुवर्षे घोळत राहिले ते पाहिले तर तिसरे कारण दिसते. वायू भारताचा कोठे होणार, इराणच्या सीमेवर की आपल्या सीमेवर? वाटेत तो अडला तर नुकसान कोणाचे? पाकिस्तानने वाहतुकीचा आकार किती घ्यावा? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देणारी, तिघांनाही मान्य असलेली नियमावली नव्हती, तंटा सोडविणारे सामाईक मंडळ नव्हते. त्यामुळे प्रत्येक कलम हा दोन सार्वभौम राष्ट्रांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न बनला. तुर्कमेनिस्तानच्या वाहिनीची कथाही फार वेगळी नाही: २०१० मध्ये करार, २०१५ मध्ये पायाभरणी, अफगाणिस्तानच्या भूमीवरील कामाला सुरुवात थेट २०२४ मध्ये.

मला अधिक बोचते ती म्यानमारची गोष्ट. कारण तेथे पाकिस्तानकडे बोट दाखविण्याची सोय नाही. जानेवारी २००५ मध्ये भारत, बांगलादेश आणि म्यानमार यांच्या मंत्र्यांनी यांगून येथे एकत्र बसून वायुवाहिनीचे तत्त्व मान्य केले. मणिशंकर अय्यर तेव्हा आपले पेट्रोलियम मंत्री होते. बांगलादेशने आपल्या भूमीतून वाहिनी नेऊ देण्याच्या मोबदल्यात काही गोष्टी मागितल्या: नेपाळ आणि भूतानशी व्यापार करण्यासाठी भारतातून वाट, तेथील जलविद्युत आणण्याची मुभा, आणि भारताशी व्यापारातली तूट कमी करण्याची काही तजवीज. या मागण्या अवाजवी होत्या काय? मला तसे वाटत नाही. दिल्लीने मात्र हे विषय वाहिनीच्या करारात गुंतवायला नकार दिला. बोलणी रेंगाळली. चीन रेंगाळला नाही. २०१३ मध्ये म्यानमारच्या किनाऱ्यावरून सुमारे आठशे किलोमीटरची वाहिनी चीनच्या युनान प्रांताच्या सीमेला भिडली. त्या वायुक्षेत्रात आणि त्या वाहिनीतही ओएनजीसी विदेश आणि 'गेल' या आपल्याच दोन सार्वजनिक कंपन्यांचे भागभांडवल आहे! भारतीय जनतेचा पैसा बंगालच्या उपसागरातला वायू चीनला पोहोचविण्यात गुंतला, आणि त्याच उपसागराच्या काठावरचे बांगलादेश २०२२ मध्ये अंधारात बसले. मोठ्या देशाला शेजारधर्माचा कमीपणा वाटू लागला की असे होते.

आपल्याच राज्यातला दाभोळचा अनुभवही या संदर्भात पुन्हा आठवावा. त्या लढ्यात तुमच्यापैकी वडीलधारी मंडळी होती, म्हणून तपशिलात जात नाही. एका राज्याच्या वीजमंडळाने एकट्याने, बंद दाराआड, डॉलरमधला करार केला. वीज घ्या किंवा न घ्या, पैसे द्याच, असे त्याचे स्वरूप होते. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. वायू उतरविण्याची धक्क्यावरची सोय अर्धवट राहिली. ती पुढे सार्वजनिक कंपन्यांनी पुरी करून २०१३ मध्ये चालू केली, पण लाटा अडविणारा बंधारा अपुरा असल्याने पावसाळ्यात तेथे जहाजे लागू शकत नव्हती. नियमन दुबळे, खरेदीदार एकटा आणि विक्रेता जागतिक, अशी स्थिती असली की गुंतवणुकीतला नफा खाजगी होतो आणि मोडतोड सार्वजनिक क्षेत्राच्या गळ्यात येते.

येथे एक सावधगिरी. सामाईक नियम हवेत असे मी म्हणतो. पण कोणाचे नियम? १९९४ मध्ये ऊर्जा सनद करार झाला. त्यात देशादेशांतून जाणाऱ्या ऊर्जेसंबंधीची कलमे आहेत, ती उपयुक्त आहेत. परंतु त्याच करारात परदेशी गुंतवणूकदाराला सरकारवर लवादात दावा लावण्याचा अधिकार दिलेला आहे. कोळशाची वीज बंद करण्याचा कायदा नेदरलँड्सने केला म्हणून एका जर्मन कंपनीने २०२१ मध्ये त्या सरकारवर दावा ठोकला होता. अखेर युरोपीय संघ स्वतःच २०२५ मध्ये या करारातून बाहेर पडला. जो करार भांडवलाला लोकांच्या संसदेपासून संरक्षण देतो तो आपल्याला नको. आपल्याला हवा तो जनतेच्या बाजूने वाहिनीवर लगाम घालणारा. वायुवाहिनी ही स्वभावतःच मक्तेदारी असते. एका गावाला दोन कंपन्या दोन नळ टाकीत नाहीत. म्हणून दर ठरविण्याचा, हिशेब उघड करण्याचा आणि टंचाईत वाटपाचा क्रम लावण्याचा अधिकार लोकांना जबाबदार असलेल्या संस्थेकडेच असला पाहिजे. आपल्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदा २००६ चा आहे. या मंडळाने १ एप्रिल २०२३ पासून देशातील मुख्य वाहिन्यांना मिळून एकत्रित दर लावला, ज्यायोगे किनाऱ्यापासून दूरच्या राज्यांवरचा वाहतुकीचा बोजा कमी व्हावा. या पावलाचे मी स्वागत करतो. किनाऱ्याजवळच्याने दूरच्याचा थोडा भार उचलावा हे तत्त्व देशांतर्गत मान्य होत असेल, तर ते काठमांडू आणि ढाक्याला लागू करण्याचा विचार निदान चर्चेला तरी घ्यायला हरकत नसावी.

पाकिस्तानचे काय, असे तुम्ही विचाराल. १९६० पासून तीन युद्धांत टिकलेला सिंधू पाणीवाटप करार पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने स्थगित केला. अशा वातावरणात पाकिस्तानातून वाहिनीची गोष्ट बोलणारा मनुष्य वेडा ठरेल, आणि मी आज ती बोलत नाही. एवढेच नोंदवितो की २००५ च्या ऑक्टोबरात अथेन्सला ऊर्जा समुदायाचा करार झाला, त्यावर सर्बिया, क्रोएशिया आणि बोस्निया यांच्या सह्या आहेत. दहा वर्षांपूर्वी हे देश एकमेकांची माणसे मारीत होते.

पूर्वेकडे सुरुवात करता येते आणि ती झालीही आहे. २०१९ मध्ये मोतिहारीहून नेपाळमधील अमलेखगंजला तेलवाहिनी गेली; २०२३ मध्ये सिलिगुडीहून बांगलादेशातील पार्वतीपूरला डिझेलची वाहिनी सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात पोहोचली. आकडा क्षुल्लक आहे, परंतु २००५ मध्ये दिल्लीने जी गोष्ट नाकारली होती तीच ही. ही सारी कामे मात्र एकेका करारावर लोंबकळत आहेत. सरकार बदलले, मर्जी बदलली की तार तुटू शकते. त्यांच्यामागे कायमचे संयुक्त नियामक मंडळ नाही, संकटात वाटून घेण्याचा करार नाही, सामाईक खरेदी नाही. वायू हे कायमचे इंधन नव्हे, त्याची गळती हवामानाला घातक आहे आणि त्यासाठी चाळीस वर्षांचे नळ टाकीत सुटणे शहाणपणाचे नाही, हा तरुण मित्रांचा आक्षेप मला मान्य आहे. पण हेच मंडळ उद्या विजेच्या तारांचेही नियमन करील. त्याचा पाया आज घातला नाही, तर सूर्य आणि पाणी यांच्या विजेच्या बाबतीतही आपण पुन्हा झोळी घेऊन वेगवेगळेच उभे राहू.

आपल्या संसद सदस्यांना विचारण्यासाठी दोनतीन प्रश्न मी लिहून आणले आहेत: 'गेल'ला जी जहाजे मिळाली नाहीत त्यांच्यापायी खतअनुदानावर किती अधिक भार पडला, म्यानमारच्या वाहिनीतील आपल्या भागावर आजवर किती लाभांश मिळाला, आणि बांगलादेशाशी संयुक्त वायुखरेदीचा प्रस्ताव कोणत्याही खात्याने कधी तयार केला होता काय. त्यांचे कागद मागच्या टेबलावर आहेत. अध्यक्षांनी शंकांसाठी अर्धा तास राखून ठेवायला सांगितले आहे, म्हणून मी येथे थांबतो.