अभ्यासक्रमाबाहेरचे शिक्षण आणि आमची भाषा

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात पूर्णगड येथील विद्यार्थ्यांच्या वतीने केलेले भाषण)



गुणगौरवाचा समारंभ आताच पार पडला. बक्षीस मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या वतीने आभाराचे दोन शब्द बोलावेत अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. आभार तर आम्ही मनापासून मानतो. जून-जुलैच्या बंदीच्या काळात ज्यांची होडी किनाऱ्यावर झापाखाली असते, त्या घरांत संघाने दिलेल्या वह्यांचे आणि फीच्या पैशांचे मोल काय असते, हे येथे बसलेल्या मातांना वेगळे सांगावयास नको. परंतु केवळ आभार मानून आम्ही खाली बसलो, तर वर्षभर आमच्या मनात घोळत असलेली एक गोष्ट तशीच राहून जाईल. ती घरच्याच माणसांसमोर न बोलावी तर कोठे बोलावी?

संघाची बक्षिसे टक्केवारीवर दिली जातात. ते योग्यच आहे. पण थोडा विचार व्हावा. कोकणासाठी स्वतंत्र विभागीय मंडळ झाल्यानंतर, २०१२ पासून, दहावीच्या निकालात आपला विभाग राज्यात पहिला येत आला आहे. २०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, तर कोकण विभागाचा ९८.८२. म्हणजे शंभरांतील जवळजवळ नव्याण्णव मुले उत्तीर्ण! ह्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु जेथे सारेच उत्तीर्ण होतात तेथे उत्तीर्ण होण्याने कोणाची ओळख पटणार? आमच्याच गावची चांगल्या गुणांची मुले रत्नागिरीच्या अथवा मुंबईच्या महाविद्यालयात जातात आणि पहिले वर्षभर वर्गात तोंड उघडीत नाहीत, हे आपण पाहिले आहे. ज्यांनी तोंड उघडले ती बहुधा शाळेत कधीतरी नाटकात उभी राहिलेली, भित्तिपत्रकात लिहिणारी, किंवा कबड्डीच्या संघाबरोबर चार गावे फिरून आलेली असतात.

आम्हांस जी काही भाषा आली ती कोठे आली, ह्याचा आम्ही आपसांत हिशेब मांडून पाहिला. धड्यांखालचे प्रश्न सोडवून ती थोडीच आली, असे आढळले. बरीचशी आली ती शाळेच्या भित्तिपत्रकातून. एका महिन्यात असे ठरले, की प्रत्येकाने घरातून दहा शब्द आणावयाचे आणि ते मूळचे कोठले ह्याचा शोध घ्यावयाचा. आम्हांस वाटले होते, की गावचे शब्द गावचेच असणार. शोध लागला तो असा, की ‘बंदर’ आणि ‘दर्या’ हे फारसीतून आलेले, ‘खलाशी’ अरबीतून आलेला. ‘नाखवा’ म्हणजे फारसीतला नाखुदा, नावेचा धनी. चावी, पगार, पाव, बटाटा आणि काजू पोर्तुगिजांबरोबर आले. आणि ज्या हापूसवर आपला सारा जिल्हा मिरवतो, त्याचे नावही अफोन्सो ह्या पोर्तुगीज नावावरून पडलेले! ते भित्तिपत्रक पाहण्यास शेजारच्या मुसलमान वस्तीतील दोन वृद्ध गृहस्थ आले आणि त्यांनी उभ्या उभ्या आणखी सात-आठ शब्द सांगितले. त्या दिवसापासून इंग्रजी, हिंदी, उर्दू ह्या परक्या भाषा आहेत आणि आपली तेवढी सोवळी आहे, ही समजूत आमच्या मनातून गेली.

दुसरा प्रसंग विज्ञान प्रदर्शनाचा. आम्ही भरती-ओहोटीचा तक्ता करावयास घेतला. माहिती इंग्रजीत होती, तीत ‘स्प्रिंग टाइड’ असा शब्द होता. भ्रमणध्वनीवरील भाषांतराच्या यंत्राला विचारले, तर त्याने ‘वसंत ऋतूतील भरती’ असे उत्तर दिले. ते कोणास पटेना, कारण अशी मोठी भरती आम्ही बाराही महिने पाहत आलो आहोत. शेवटी एका जुन्या तांडेलांकडे गेलो. ते हसले आणि म्हणाले, “अरे, उधाण ते!” अमावास्या-पौर्णिमेचे ते उधाण आणि अष्टमीच्या आसपासचे मंद पाणी तो भांग. हे दोन्ही शब्द आम्ही घरात शेकडो वेळा ऐकलेले. पण विज्ञानाच्या पुस्तकातील गोष्टीला आपल्या ओटीवरचे नाव असू शकेल, हे कोणाच्या मनातच आले नव्हते. पुढे शब्दकोश पाहिला तेव्हा आणखी मौज कळली. इंग्रजीतील तो ‘स्प्रिंग’ येथे ऋतूच्या अर्थाचा नव्हे, उसळण्याच्या अर्थाचा आहे. म्हणजे दर्यावर्दी इंग्रजाने आणि आमच्या तांडेलाने एकच गोष्ट पाहून एकाच अर्थाचा शब्द योजिला होता.

तांडेलांनी एक हिशेबही शिकविला. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीस सुमारे तीन वाजता, अष्टमीस सुमारे सहा वाजता. पुस्तक सांगते, की भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तांडेलांचा हिशेब पंचेचाळीस मिनिटांचा. त्यातील काही फरक तिथी ही पुऱ्या दिवसापेक्षा किंचित लहान असते म्हणून पडतो, हे आमच्या शिक्षकांनी फळ्यावर मांडून दाखविले. जो थोडा उरतो तो होडी लोटण्याच्या आड येत नाही! एका तक्त्यापायी आम्हांस भूगोल, गणित, इंग्रजी आणि मराठी अशी चारही पुस्तके उघडावी लागली, आणि ह्यांतील एकाही गोष्टीवर परीक्षेत प्रश्न आला नाही.

तिसरे काम किल्ल्याचे. मुचकुंदी नदीच्या मुखाशी उभा असलेला आपला पूर्णगड लहानसा आहे. रायगडासारखा त्याचा बोलबाला नाही. तरी तो पाहावयास येणारे अलीकडे वाढले आहेत. त्यांच्यासाठी मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत एक पत्रक करावे, असे आम्ही ठरविले. पहिल्याच वाक्याशी घोडे अडले. गावात परंपरेने सांगतात, की किल्ला शिवाजी महाराजांनी बांधला. काहींच्या मते तो त्यानंतरचा, अठराव्या शतकातला, आरमाराच्या धुळपांच्या वेळचा. आमच्यात दोन तट पडले आणि आठ दिवस वाद झाला. अखेर शिक्षकांनी सांगितले, की दोन्ही मते लिहा, पण कोण म्हणतो तेही लिहा. ‘आहे’ आणि ‘असे म्हणतात’ ह्यांत केवढे अंतर आहे, ते आम्हांस व्याकरणाच्या तासाला कधी उमगले नव्हते. ते ह्या पत्रकाने उमगले. हिंदीत ‘कहा जाता है’ आणि इंग्रजीत ‘इट इज सेड’ लिहिताना प्रत्येक भाषेला खरे बोलण्याची स्वतःची रीत असते, असे ध्यानात आले. कोणतीही वार्ता पुढे धाडण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःस विचारण्याची सवय आज आमच्या घरच्या मोठ्या माणसांनाही लागली तर बरे होईल, असे भ्रमणध्वनीवर रोज सकाळी येणारा मजकूर पाहून वाटते. लहान तोंडी मोठा घास घेतला, क्षमा असावी.

आता थोडे आमच्या बोलीविषयी. शिमग्यात आपल्याकडे नमन-खेळे होतात. मृदुंग वाजला, की संकासुर येतो, गोमू नाचते, आणि ज्यांना शाळेत चार ओळी पाठ होत नाहीत तीच मुले रात्रभराची सोंगे न चुकता म्हणतात. गणपतीत जाखडी असते. तीत शक्ती आणि तुरा अशा दोन बाजू एकमेकींस पुराणातील कोडी घालतात आणि उत्तरे जागच्या जागी जुळवून द्यावी लागतात. ह्याहून उत्तम वक्तृत्वस्पर्धा कोणती? परंतु हीच मुले एका स्पर्धेस गेली, तेव्हा त्यांच्या उच्चारांस परीक्षकच हसले. त्या दिवसानंतर आमच्यातील एका मुलाने व्यासपीठावर पाऊल ठेवले नाही. त्या स्पर्धेचे नाव आम्ही येथे घेत नाही. अशा जागा एक नाही, अनेक आहेत. प्रमाण मराठी आम्हांस शिकावयाचीच आहे. ती आल्यावाचून ग्रंथ वाचता येणार नाहीत आणि अर्जही लिहिता येणार नाही. परंतु ती शिकण्याची किंमत म्हणून आजीशी बोलावयाची भाषा टाकून द्यावी लागत असेल, तर तो सौदा आम्हांस मान्य नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही एक प्रवेश पूर्णपणे बोलीत केला, सूत्रधाराचे निवेदन मात्र प्रमाण मराठीत ठेविले. पालक हसले, पण ते बरोबरीने हसले.

ह्या बाबतीत आपल्या मुलखाला आदर्श दूर शोधावे लागत नाहीत. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर ह्याच कोकणपट्टीतले. मुंबईस जाऊन त्यांनी इंग्रजी तर आत्मसात केलीच, शिवाय इतर कितीतरी भारतीय भाषा आणि फारसी, लॅटिन, ग्रीक, फ्रेंच ह्याही भाषा अभ्यासिल्या. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ काढले, ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. एवढ्या भाषा येऊनही त्यांनी मराठीतच वृत्तपत्र आणि मासिक चालविण्याचा खटाटोप केला. १८४६ साली ते ऐन तारुण्यात गेले.

आणि पालगडचे साने गुरुजी तर आपल्या जिल्ह्याचेच. ‘श्यामची आई’ घरोघरी आहे. परंतु अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० ह्या काळात त्यांनी काय केले, तिकडे आमचे लक्ष अलीकडे गेले. ते तेथील छात्रालय सांभाळीत आणि मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. दैनिक, म्हणजे रोजच्या रोज हाताने लिहिलेले! आमचे भित्तिपत्रक महिन्याला एक निघते तरी आमची दमछाक होते. पुढे सत्याग्रहात पडल्यावर त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांचा दाक्षिणात्य बंद्यांशी सहवास घडला, आणि तिरुवल्लुवरांचे ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणले. भारतातील लोकांनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात ही त्यांची आंतरभारतीची कल्पना अशा सहवासातून वाढली. १९५० साली ते गेले. तोवर त्या कल्पनेला संस्थेचे रूप यावे म्हणून ते झटत होते. भाषा माणसांच्या सोबतीने येते, हे त्यांच्या उदाहरणाने आम्हांस कळले.

तिसऱ्या भाषेवरून २०२५ साली महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, ते सर्वांच्या स्मरणात आहे. पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा एप्रिलातील निर्णय जूनअखेर सरकारास मागे घ्यावा लागला. त्या वादात पडण्याइतके आम्ही मोठे नाही. एवढेच सांगतो, की आंब्याच्या बागा राखावयास नेपाळहून आलेल्या कुटुंबांची मुले जिल्ह्यातील शाळांत बसतात. लिपी आमचीच, देवनागरी. बोल मात्र निराळे. आमच्याबरोबरची अशी मुले मराठी शिकली ती लेझीम आणि कबड्डीच्या मैदानावर. वर्षभरात ती आमच्याशी आमच्या बोलीत भांडू लागली. आम्हांस मात्र त्यांच्या भाषेतील पाच शब्दही आले नाहीत, कारण तसा खेळ आम्ही त्यांच्या अंगणात कधी खेळलो नाही.

आता मुद्द्याच्या अडचणी सांगतो. शाळा सुटल्यावर तालीम ठेवली की पावसकडून येणारी एस. टी. चुकते. मुलगे कसेबसे कोणाच्या तरी गाडीवर बसून येतात. मुलींना घरून निरोप येतो, की नाटक पुरे झाले. गेल्या वर्षी ज्या मुलीचे पाठांतर सर्वांत चांगले होते तिलाच अशा प्रकारे बाहेर पडावे लागले आणि तिची भूमिका दुसऱ्याने वाचून दाखविली. आईबापांस आम्ही दोष देत नाही. अंधारी वाट आम्हीही पाहिली आहे. परंतु स्नेहसंमेलनापूर्वीचे पंधरा दिवस संघाने एका गाडीची सोय केली, आणि तीत दोन वडीलधाऱ्या बायका बसल्या, तर हा प्रश्न सुटतो. त्यास येणारा खर्च आजच्या हारतुऱ्यांहून फार अधिक होणार नाही, असा आमचा अंदाज आहे.

दुसरी विनंती बक्षिसांची. टक्केवारीची बक्षिसे चालू राहावीत. त्यांच्या जोडीस एक बक्षीस असे असावे, की जे भित्तिपत्रक, नाटक, खेळ अथवा शब्दसंग्रह ह्यांपैकी कशासही मिळू शकेल, आणि ते बोलीत बोलणाऱ्यासही खुले असेल. तिसरी गोष्ट एका मराठी-इंग्रजी शब्दकोशाची. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालचा. त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ ची. त्यात आपल्या किनाऱ्यावरचे पुष्कळ शब्द आहेत. त्याची एक प्रत गावातील मुलांच्या हाती लागेल अशी ठेविली, तर आम्ही ती जपू.

सभागृहाच्या दाराशी टेबलावर एक कोरी वही ठेविली आहे. मुंबईकर मंडळी परवा परत जातील. जाण्यापूर्वी प्रत्येकाने होडी, जाळे, वारा, पाणी, शेत, स्वयंपाक ह्यांपैकी कशाचाही, हल्ली ऐकू न येणारा एक तरी शब्द तीत लिहावा आणि तो कोणाच्या तोंडून ऐकला तेही लिहावे. ज्यांस लिहिणे जड जाते त्यांनी नुसते सांगावे; वहीपाशी आमची दोन मुले पेन घेऊन बसली आहेत.