गॅदरिंगमधून निघालेलं एक गाणं



आवडत्या गाण्यावर बोल, पण गाऊ नकोस, असं संयोजकांनी मला बजावलंय. दुसरी अट अनुभवातून आली असावी.

माझं गाणं इंग्रजी आहे आणि आपल्या जन्माआधीचं आहे. शिरेल्स या बँडचं ‘विल यू लव्ह मी टुमारो’. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात पसेइक नावाचं गाव आहे. तिथल्या हायस्कूलच्या शर्ली, डोरिस, अ‍ॅडी आणि बेव्हर्ली या चौघी शाळेच्या कार्यक्रमासाठी एकत्र गायला लागल्या. म्हणजे आपलं गॅदरिंगच! एका वर्गमैत्रिणीने त्यांना आपल्या आईपुढे गायला लावलं, आणि त्या बाईंनी त्यांची रेकॉर्डच काढली.

हे गाणं लिहिलं जेरी गॉफिनने, चाल त्याच्या बायकोची, कॅरोल किंगची. ती तेव्हा अठरा वर्षांची. शर्लीला चाल आधी पसंत नव्हती. मग व्हायोलिनं आली आणि जानेवारी १९६१ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. कृष्णवर्णीय मुलींच्या बँडला हा मान प्रथमच मिळाला.

गाण्यातली मुलगी एवढंच विचारते, की आजचं प्रेम उद्या सकाळी राहील का? ठेका नाचायचा आहे, प्रश्न मात्र पोटात गोळा आणणारा. समोरचा उत्तर देतच नाही. काही रेडिओ स्टेशनांनी ते वाजवायलाही नकार दिला. मुलीने असं मोठ्याने विचारायचं नसतं ना!

आपल्या वर्गातली एकजण आज इथे नाही. दहावीला एक चिठ्ठी सापडली आणि घरच्यांनी तिची शाळा बंद केली. चिठ्ठी लिहिणारा परीक्षेला बसला, पासही झाला. हे गाणं लागलं की मला ती आठवते. तिला विचारायला वेळच मिळाला नाही.

१९७१ मध्ये कॅरोलने ‘टॅपेस्ट्री’ या तबकडीत ते स्वतः गायलं, पियानोवर, अगदी संथ. तोवर तिचा आणि जेरीचा संसार मोडला होता. शब्द तेच, पण आता विचारणारीला उत्तर ठाऊक असावं असं वाटतं. मला हेच जास्त आवडतं. आमच्या घरात यावर एकमत नाही.

दोन्ही गाणी पेन ड्राइव्हवर दिली आहेत. जेवताना लागतील. शिरेल्सचं आधी लावा, आणि आवाज जरा मोठा ठेवा.