नाल, खुंटा आणि पावसाचे चार महिने
(कोसाड, सुरत येथील अश्वपालन परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

घोड्याचा खूर म्हणजे एका बोटावरचे जाड नख. ते महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. पुढच्या बाजूने, केसांच्या कडेपासून जमिनीपर्यंत, पुरते नवे व्हायला त्याला ९ ते १२ महिने लागतात. मोकळा घोडा चालता चालता ही वाढ झिजवून टाकतो. नाल ठोकला की झीज थांबते, वाढ मात्र चालूच राहते; म्हणून सहा-आठ आठवड्यांनी नालबंदाला पुन्हा बोलवावे लागते.

पाऊल टेकताना टाचेकडचा भाग किंचित फाकतो, तळाचा त्रिकोणी, रबरासारखा उंचवटा जमिनीला लागतो आणि धक्का मऊ होतो. खुरातले रक्त वर ढकलायलाही या दाबाची मदत होते. खिळ्यांनी घट्ट बसलेले लोखंड हे फाकणे कमी करते. खुराला घोड्याचे दुसरे हृदय म्हणण्यापर्यंत काही उत्साही मंडळी जातात, ते जरा जास्तच झाले. पण वापरात असलेला खूर टणक होतो, हे जुन्यांनाही ठाऊक होते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या झेनोफोन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवरच्या ग्रंथात घोड्याला मुठीएवढ्या गोल दगडांवर उभे करण्याचा सल्ला दिला आहे. त्याच्या काळी ग्रीकांकडे खिळ्यांचे नाल नव्हतेच. अलीकडे, १९८० च्या दशकात, जेमी जॅक्सन या अमेरिकन नालबंदाने रानात मोकळ्या फिरणाऱ्या मस्टँग घोड्यांचे खूर अभ्यासले आणि अनवाणी घोड्याचा विचार पुन्हा चर्चेत आला.

मात्र या चर्चेत नालावर जितके बोलले जाते तितके खुंट्यावर, म्हणजे घोडा दिवसभर बांधून ठेवण्यावर, बोलले जात नाही. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते आणि त्यात आम्ल दिवसरात्र पाझरत राहते. मोकळा घोडा दिवसाचे सोळा-सोळा तास थोडे थोडे चरतो. पोट रिकामे राहत नाही. तबेल्यात तोच घोडा दोन वेळा चंदी खातो आणि मधले तास भिंतीकडे पाहत उभा राहतो. मग जठरात व्रण होतात, दावणीचे लाकूड कुरतडले जाते, वारा गिळण्याची खोड लागते, जागच्या जागी डुलणे सुरू होते. हरभरा आणि गूळ लाडाने जास्त झाला, की खुराची भिंत आतल्या हाडाशी जोडणाऱ्या पापुद्र्यांना सूज येते आणि घोडा पाय टेकेनासा होतो. मुताने भिजलेल्या जमिनीत तळवा कुजतो. असा घोडा नाल काढून तिथेच बांधला, तर तो लंगडतो, आणि दोष अनवाणीपणाला दिला जातो.

मराठ्यांची घोडी अनवाणी दौडत होती, असे काही जण अभिमानाने सांगतात. त्याला आधार नाही. ‘नालबंदी’ हा शब्द मराठी कारभारात इतका रुळला होता, की शिलेदाराला घोडे आणि सरंजाम तयार करण्यासाठी मिळणाऱ्या आगाऊ रकमेलाच तो नाव म्हणून लागला. घेण्याजोगे आहे ते त्यांचे वर्षाचे वेळापत्रक. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था दिली आहे: पावसाळ्यात छावणी, तिथे दाणा-वैरण आधी साठवलेली, घरे गवताने शाकारलेली, दसऱ्याला कूच आणि मग आठ महिने मुलूखगिरी. ६ जानेवारी १६६४ रोजी सुरतेजवळ उधन्याला उतरलेली महाराजांची फौज याच आठ महिन्यांतली. उरलेल्या चार महिन्यांची काळजी शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात दिसते. दाणा-वैरण बेताने वापरा, आताच उधळलीत तर ऐन पावसात संपेल, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा आशय आहे. अश्वपालनावर मराठीत इतके व्यवहारी लेखन क्वचितच सापडेल.

हेच चक्र धनगरांच्या वाड्यांबरोबर, म्हणजे फिरत्या तळांबरोबर, आजही चालते. दिवाळीच्या सुमारास मेंढरे घाट उतरून कोकणाकडे निघतात, पावसाआधी परततात. बिऱ्हाड, कोकरे आणि कोंबड्या घोड्याच्या पाठीवर असतात. या घोड्यांना तबेला माहीत नाही. मुक्कामाला ते आसपासच चरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालतात. त्यांच्यातल्या भीमथडी घोड्याला २०२४ मध्ये स्वतंत्र देशी जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली. महाराष्ट्राच्या राज्यगीतात ज्याचे नाव आहे त्या तट्टाला कागदावर यायला इतका उशीर झाला.

सुरतेच्या परिसरात ही पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही. कोसाड तापीच्या उत्तरेला. आता शहरातच आलेले. भोवतालची जमीन काळी, चिकट. जुलै-ऑगस्टात खूर आठवडे-आठवडे ओला राहतो. ओला खूर मऊ पडतो आणि मऊ खुरात कूज लवकर शिरते. शिवाय पावसाळ्यात गोमाश्या वाढतात आणि त्यांच्याबरोबर सर्रा या रोगाची भीतीही. म्हणून इथे मोकळीक म्हणजे उघडे शेत नव्हे. उंचवट्यावर मुरूम आणि गोटे पसरलेली, पाणी न साचणारी जागा. तिन्ही बाजूंनी उघडी, उंच छपराची पडवी. आणि वैरण एका टोकाला, पाणी दुसऱ्या टोकाला, म्हणजे चालणे आपोआप घडते. जागा लहान असेल तर कडेने अरुंद वाट आखावी. पट्टा लांब मिळतो. सोबतीला दुसरा घोडा हवाच, कारण एकटा मोकळा घोडाही कुंपणापाशीच उभा राहतो.

नाल काढल्यावर पहिले काही महिने नाजूक असतात. चार ते सहा आठवड्यांनी खूर कानशीने गोल करावा, तळवा उगाच कोरू नये, आणि खडकाळ वाटेवर घोडा कचरत असेल तर खुराचे बूट घालावेत. ह्यूस्टनच्या घोडदळ पोलिसांनी काँक्रीटच्या रस्त्यांवरही अनवाणी घोडे चालवून दाखवले. तरी ज्याची झीज वाढीपेक्षा जास्त आहे, म्हणजे रोज डांबरावर ओझे ओढणारा किंवा लग्नसराईत रात्र-रात्र वरातीत चालणारा, त्याला नाल राहू द्यावा. अशा घोड्याचा तबेला मात्र आजच उघडता येतो, आणि फायद्याचा मोठा वाटा त्यातच आहे.

नालबंदांचा धंदा बुडेल ही भीती निराधार आहे. अनवाणी खुराला कानस जास्त वेळा लागते आणि ती चालवणारा हात तोच आहे. या परिषदेने पुढच्या वर्षीचे पहिले प्रशिक्षण त्यांच्यासाठीच ठेवावे. आणि खानदेशातून आलेल्या सुरतकरांना एक विनंती: दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत, याच तापीच्या वरच्या काठावर, घोडा निवडताना दात आणि चाल पाहून झाली, की चारही पाय उचलून तळवे पाहावेत, आणि घोडा घरी आणण्याआधी मुरूम टाकून घ्यावा.