सुई-दोरा मुलांच्या हाती

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. 31 वर्षं शाळेत शिवणाचे तास घेतले, त्यामुळे घंटा झाली की थांबायची सवय आहे. काळजी नसावी.

जिन्याजवळ टांगलेली गोधडी येताना सगळ्यांनी पाहिलीत. आपल्या सदनिका 64, म्हणून 64 चौकोन, 8 ओळींत 8. प्रत्येक घरातून एक तुकडा मागितला होता. कुणी पडद्याचा दिला, कुणी शाळेच्या जुन्या गणवेशाचा, एका आजींनी तर नऊवारीच्या काठाचा दिला आणि दोनदा येऊन तो कुठे लागला ते बघून गेल्या. चौकोन एकमेकांना मशीनवर मी जोडले. पण चौकोनांवर जे काही आहे, धावदोरा, फुल्या, बटणं, ते 5 ते 10 वर्षांच्या 19 मुलांनी केलं आहे. त्यांत मुलगे सहा. टांगायचा वरचा पट्टा आपल्या वॉचमनकाकांच्या मुलीने शिवला आणि तो सगळ्यांत मजबूत आहे, कारण सगळा भार त्याच्यावर आहे हे तिला सांगितलं होतं.

पुढच्या महिन्यात ही गोधडी काचेच्या चौकटीत बसवून ऑफिसात लावायची आहे. तेव्हा मला तीन-चार जणींनी, अगदी आपुलकीने, एक सूचना केली. "बाई, सात-आठ चौकोन फारच वाकडे आहेत हो. कायमचं लागणार आहे, तेवढे उसवून नीट करून घेऊ. हवं तर आम्ही दुपारच्या बसतो." आज मी त्या सूचनेवरच बोलणार आहे. माझं उत्तर 'नको' असं आहे. पण नुसतं नको म्हणून कसं चालेल? का नको, ते सांगते.

आधी हे टाके पडतात कसे ते बघा. चार वर्षांच्या मुलाला मी सुई देत नाही. त्याला पुठ्ठा देते. पुठ्ठ्याला बोटभर अंतरावर भोकं आणि बुटाची नाडी. नाडीचं टोक कडक असतं, तीच त्याची सुई. आठ-दहा वेळा हे झालं की मग खरी सुई. बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची, दुकानात लोकरीची सुई म्हणून मागा. प्लॅस्टिकची मिळते ती घेऊ नका, ती वाकते, कापडातून जात नाही, आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. कापड मॅटीचं, नाहीतर सरळ धुतलेलं गोणपाट, भरतकामाच्या रिंगवर ताणून.

पहिल्या दिवशी प्रत्येक मूल एकच गोष्ट करतं. सुई वरून खाली घालतं आणि पुन्हा वरूनच घालतं. मग दोरा रिंगच्या कडेवरून गुंडाळला जातो. इथे आई-बाबांचे हात शिवशिवतात. थांबायचं. "चूक" म्हणायचं नाही, "पाठ बघ" म्हणायचं. मूल रिंग उलटी करतं, दोरा कुठून फिरला ते स्वतः बघतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याच्या लक्षात येतं की सुई खाली गेली की तिला खालूनच वर यायला हवं. हे कळतानाचा चेहरा बघायला कधीतरी रविवारी या, वर्गाच्या दाराशी उभं राहायला फी नाही.

दोरा किती घ्यायचा? मुलाच्याच बोटांपासून त्याच्या कोपरापर्यंत, दुहेरी करून. मोठी माणसं हातभर लांब दोरा देतात, पुन्हा पुन्हा ओवायला नको म्हणून. मग तो गुंततो आणि तो ओढताना शेजारच्या मुलाच्या डोळ्यापाशी सुई जाते. निम्मे अपघात मी लांब दोऱ्यामुळे होताना पाहिलेत.

आता अपघाताचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण पालकांची खरी भीती तीच असते. आमचा नियम असा की सुईला तीनच जागा. हातात, कापडात, नाहीतर सुयांच्या उशीत. तोंडात नाही, सोफ्याच्या हातावर नाही, फ्रॉकला टोचून नाही. सुई घेऊन चालायचं नाही. सुरुवातीला मोजून 10 दिल्या तर शेवटी मोजून 10 परत. एक कमी असली तर कुणी उठायचं नाही, जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक सतरंजीवरून फिरतं आणि सुई सापडते. कात्री द्यायची ती पाती मुठीत मिटून, दांडा पुढे करून. हे नियम पाच वर्षांची मुलं आपल्यापेक्षा जास्त काटेकोरपणे पाळतात. एका आजोबांना तर त्यांच्या नातीने टाचणी ओठांत धरली म्हणून चहासमोरून उठवलं होतं! बोटाला टोचतं का? टोचतं. एक थेंब रक्त येतं, थंड पाणी लावायचं आणि पुढचा टाका घालायचा.

डावखुऱ्या मुलांबद्दल एक सांगायलाच हवं. आपल्यात अशी तीन आहेत. त्यांना शेजारी बसवून शिकवू नका, समोर बसवा. तुमचा उजवा हात त्यांना आरशात दिसावा तसा डावा दिसतो, आणि ती बरोबर करतात. उजव्या हाताने शिवायला लावण्याचं काहीही कारण नाही. कापडाला हात कळत नाही.

बटण लावायला सहा-सात वर्षांनंतर. मोठं, चार भोकांचं, कोटाचं बटण घ्यायचं आणि बटणाखाली काडेपेटीची काडी ठेवून टाके घालायचे. काडी काढली की बटण किंचित वर राहतं, काज्यात बसायला जागा मिळते. शिंपी हीच युक्ती करतात. मग उलटी टीप, मग हेम. मशीनची घाई नको, पाय पुरायला लागले की बघू.

हे सगळं काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. त्यांच्या साहित्यात लाकडी चौकटीवर बसवलेली कापडाची दोन पाखं असतात, एका चौकटीला बटणं, एकीला हुक, एकीला नाड्या. मूल लावतं, काढतं, पुन्हा लावतं. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं, आणि 1945 मध्ये बोर्डीला आदिवासी आणि गरीब मुलांसाठी काम उभं केलं. तिथे अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. महागडं साहित्य परवडणार नाही म्हणून पानं, खडे, शिंपले, जे आजूबाजूला मिळेल त्यातून त्यांनी शिकवलं. आपलं गोणपाट आणि जुने पडदे त्याच वाटेवरचे.

आणि हाताची सवय गेली की काय होतं? लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात शल्यशिक्षण शिकवणारे प्राध्यापक रॉजर नीबोन यांनी 2018 मध्ये जाहीरपणे तक्रार केली की वैद्यकीय शिक्षण घेणारी हुशार मुलं येतात, पण कापणं-शिवणं त्यांच्या हाताला ठाऊकच नसतं. पडद्यावर बोट सरकवण्यात हाताचं हे शिक्षण होत नाही. आपल्या सोसायटीतल्या डॉक्टरमंडळींना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

मुलग्यांविषयी दोन शब्द. दोन घरांतून मला "त्याला कशाला?" असं विचारलं गेलं. मी म्हटलं, आपल्या बाजारातले शिंपी कोण आहेत ते एकदा बघून या. संत नामदेव शिंप्याच्या घरातले. हा प्रश्न इथेच मिटला असं मी धरते.

आता त्या वाकड्या चौकोनांकडे येते. पाचव्या ओळीतला तिसरा चौकोन, निळ्या पट्ट्यांचा, त्यावर पाच बटणं आहेत. तो एका आजोबांच्या सदऱ्याचा आहे. आजोबा गेल्या वर्षी श्रावणात गेले. चौकोन त्यांच्या नातवाने केला, वय सात. बटणं सदऱ्याचीच. पहिलं बटण लोंबतंय, दुसऱ्याला दोऱ्याचा गोळा झालाय, तिसरं जरा बरं, चौथं-पाचवं पक्कं. ओळीने बघितलंत तर तो कुठे शिकला ते दिसतं. पहिली दोन उसवून मी नीट लावली तर पाच बटणं एकसारखी दिसतील, आणि चौथं त्याने स्वतः लावलं हे कुणालाच कळणार नाही. मुख्य म्हणजे त्यालाही कळणार नाही. तो दुसऱ्या दिवशी येऊन बघेल, आपला टाका तिथे नाही असं त्याच्या लक्षात येईल, आणि पुढच्या रविवारी सुई धरताना माझ्या तोंडाकडे बघेल. शाळेत मी अशी मुलं पुष्कळ पाहिली. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री घरी कुणीतरी रुमाल "नीट" करून पाठवायचं. बक्षीस मिळायचं, पण मूल रुमालाजवळ जाऊन उभं राहायचं नाही.

सुबक काम बघायला मलाही आवडतं. ज्यांनी मदतीचा हात पुढे केला त्यांचे टाके माझ्यापेक्षा बारीक आहेत हे मी जाणते. म्हणून त्यांना एक काम सुचवते. चौकटीत जाण्याआधी गोधडीला मागून अस्तर आणि चारी बाजूंनी गोट लागायचा आहे. तो त्यांनी लावावा. तिथे सफाई हवीच आहे. चौकोनांना मात्र हात लावू नये, एवढी विनंती मी कार्यकारिणीलाही लेखी दिली आहे. येत्या बैठकीत ती विषयपत्रिकेवर आहे, जमलं तर हजर राहा.

लोंबणारं बटण काचेच्या आत पडलं तर? मुलांनीच हा प्रश्न विचारला. त्यावर असं ठरलं की ते बटण ज्याचं आहे त्यानेच, हवं असेल तर, चौकट बसायच्या आधी आणखी एक टाका घालायचा. त्याने अजून ठरवलेलं नाही.

नवीन वर्ग दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी 10 वाजता, ऑफिसच्या शेजारच्या खोलीत. पाच वर्षांच्या मुलांना वीस मिनिटं, मोठ्यांना तासभर. नावं माझ्याकडे द्या. येताना एक जुनी उशीची खोळ आणि घरात डब्यात पडलेली बटणं पाठवा, नवीन काही विकत आणू नका. सुया माझ्याकडे आहेत, मोजलेल्या.