आधी सेक्शन मोकळा, मग दुरुस्ती

(जोधपूर येथे गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्यापैकी काही कुटुंबे हिवाळ्यात फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या घेऊन जैसलमेरकडच्या रेतीत जातात. तिथे गाडी बिघडली तर काय करावे, यावर मी दोन शब्द बोलावेत अशी सेक्रेटरींची आज्ञा आहे. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, लोको शेडमधला माणूस. त्यामुळे रेल्वेच्याच भाषेत बोलेन.

मध्येच इंजिन फेल झाले तर लोको पायलट तिथे ओव्हरहॉलिंग करत नाही. डिझेल इंजिनाची एक ट्रॅक्शन मोटर बिघडली तर ती तेवढी बाद करून उरलेल्या मोटरींवर गाडी पुढे काढतो. पहिले काम ब्लॉक सेक्शन मोकळा करणे, दुरुस्ती शेडमध्ये. रेतीतही हाच नियम. गाडी नीट करायची नाही, डांबरी सडकेपर्यंत न्यायची आहे.

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही दोन गाड्या घेऊन खुहडीच्या पुढे गेलो होतो. सोबतच्या जुन्या जिप्सीच्या मागच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला. दुपारचे तीन वाजलेले, गाडीत दोन लहान मुले. एक जण म्हणाला, "मी चालत जाऊन मेकॅनिक आणतो." मी म्हटले, "कोणी कुठे जायचे नाही. आधी चहा घ्या." मग चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावला. हे विसरू नका, कारण मागचा शाफ्ट काढल्यावर टू-व्हीलमध्ये गाडी गिअरमध्ये ठेवली तरी जागची हलू शकते. दोन्ही टोकांचे बोल्ट काढून शाफ्ट डिकीत टाकला, पुढचे हब लॉक केले आणि फोर-व्हीलचा दांडा टाकला. आता ती पुढच्या चाकांवर चालणारी गाडी झाली! मऊ रेतीत आमच्या गाडीने दोर लावून ओढली, पुढे सडकेवर ती स्वतःच्या बळावर आली. एरवी डांबरावर फोर-व्हील लावू नये, शाफ्टमध्ये पीळ बसतो. पण मागचा शाफ्टच नसल्यावर ती भीती नाही. काही गाड्यांत शाफ्टचे टोक थेट गिअरपेटीत सरकलेले असते. तो काढला तर तेल वाहून जाते, म्हणून आपल्या गाडीची रचना घरीच पाहून ठेवावी.

इंजिन तापले तर गाडीचे तोंड वाऱ्याकडे करून थांबा. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका. उकळते पाणी थेट तोंडावर येते. थंड झाल्यावर पट्टा, होज आणि जाळीत अडकलेले गवत पाहा. होज चिरला असेल तर पुसून, कोरडा करून टेप गुंडाळा, पाणी भरा आणि झाकण अर्धवट बसवा, म्हणजे दाब वाढत नाही. मग काट्यावर नजर ठेवून सावकाश चला.

रेतीसाठी टायरची हवा आपण १८ पौंडांच्या आसपास आणतो. तशात जोरात वळण घेतले की टायर रिमवरून उतरतो. जॅकखाली जाड फळी ठेवा, नाहीतर जॅकच रेतीत जातो. कडेची रेती पुसून पंपाने हवा भरा. पेट्रोल ओतून पेटवण्याचे प्रयोग व्हिडिओतच राहू द्या.

सर्वांत धोक्याचे काम बिघाडाचे नाही, ओढण्याचे आहे. दोर टो-बॉलला कधीही अडकवू नका. तो गोळा तुटला तर तोफगोळ्यासारखा येतो, माणसे दगावतात. चॅसीच्या हुकालाच लावा आणि दोराच्या लांबीइतके तरी सर्वांना दूर उभे करा.

क्लचची केबल तुटली तर जुनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून स्टार्टरवरच चालू करता येते. बहुतेक नव्या गाड्या मात्र क्लचचे पेडल दाबल्याशिवाय स्टार्ट होत नाहीत. २०२० नंतरची थार किंवा २०२३ मध्ये आलेली जिम्नी असेल, तर पान्यांसोबत एक छोटा स्कॅनरही ठेवावा. दिवा कशामुळे लागला एवढे तरी कळते.

आणि काहीच जमले नाही तर? गाडी सोडून चालत निघू नका. गाडी सावली देते आणि लांबून दिसते. एकटा माणूस दिसत नाही. म्हणून माणशी पाच लिटर पाणी जादा, किमान दोन गाड्या, आणि कुठे जातो व किती वाजता परतणार हे घरी सांगून निघणे, एवढे पाळा. रेल्वेत लाइन क्लिअर घेतल्याशिवाय गाडी सुटत नाही; आपणही सुटू नये.

विघ्नहर्ता पाठीशी आहेच, पण डिकीतला पाना आपणच ठेवायचा असतो. भाषणानंतर बाहेर माझ्या गाडीचा शाफ्ट कुठून सुटतो ते दाखवतो. वहिनींनीही यावे, कारण बोल्ट कोणाच्याही हाताने सुटतो.